सादरीकरणाला गुण देताना

शिक्षक मित्रमैत्रिणींनो, प्रबोधनकाळातल्या एखाद्या चित्रकारावर, वास्तुविशारदावर किंवा लेखकावर मुलं सादरीकरण करतात, तेव्हा पहिली स्लाइड ठरलेली असते: जन्म, गाव, गुरू, मृत्यू. मग चित्रं भराभर येऊन जातात, एकाही चित्रापाशी कुणी थांबत नाही. तरी आपण २०पैकी १६ देऊन मोकळे होतो, कारण आवाज खणखणीत होता आणि स्लाइड देखण्या होत्या. गुण खरे द्यायचे ते मुलानं काय पाहिलं आणि ते कशावरून म्हणतो, याला.

फ्लॉरेन्सच्या बाप्टिस्टरीच्या, म्हणजे बाप्तिस्मा देण्याच्या इमारतीच्या, दरवाजासाठी १४०१ साली स्पर्धा झाली. विषय एकच, बायबलमधला अब्राहम आपल्या मुलाचा, इसाकचा, बळी द्यायला निघतो तो क्षण. गिबेर्ती आणि ब्रुनेलेस्की या दोघा स्पर्धकांचे कांस्यफलक आजही तिथल्या बार्जेल्लो संग्रहालयात आहेत. मुलांना हे दोनच फोटो द्या. ब्रुनेलेस्कीच्या फलकात सुरी गळ्याशी आली आहे आणि देवदूतानं अब्राहमचं मनगट धरलंय. गिबेर्तीचा देवदूत आकाशातून झेपावतोय, पण अजून त्यानं हात लावलेला नाही. हा फरक ज्या मुलीनं स्वतः टिपला, तिला मी तारखा चुकल्या तरी भरघोस गुण देईन. गिबेर्तीच्या फलकाला कांसं कमी लागलं, म्हणजे खर्च कमी, हेही कुणी गिबेर्तीला काम मिळण्याशी जोडून दाखवलं तर फारच छान.

आता पुढची गंमत. गिबेर्ती स्वतःच्या लिखाणात म्हणतो, सगळ्यांनी एकमतानं मला निवडलं. ब्रुनेलेस्कीचा चरित्रकार मानेत्ती म्हणतो, काम दोघांना मिळून द्यायचं ठरलं होतं, ब्रुनेलेस्कीनंच नकार दिला. दोघांनाही आपली बाजू राखायची आहे. दहावीतल्या मुलालाही हे कळतं, फक्त आपण विचारलं पाहिजे, ‘हे कोण सांगतंय?’

मायकलअँजेलोबद्दल हाच प्रश्न हमखास विचारा. सिस्टाइन चॅपेलचं छत (१५०८ ते १५१२) त्यानं पाठीवर आडवं पडून रंगवलं, असं मुलं ठोकून देतात. त्याची स्वतःची एक कविता आहे. तिच्यात दाढी आभाळाकडे वळलीय, रंग तोंडावर ठिबकतोय, आणि कागदाच्या कडेला त्यानं उभं राहून, हात वर करून रंगवणारा माणूस रेखाटलाय. एवढा पुरावा हातात असताना ऐकीव गोष्टीला गुण का द्यायचे?

वास्तूवर बोलणाऱ्याला फळ्यावर आकृती काढायला लावा. फ्लॉरेन्सच्या कॅथेड्रलचा घुमट (१४२० ते १४३६) खालून लाकडी साच्याचा आधार न देता उभा राहिला. मग वरच्या विटा घसरल्या का नाहीत? दुहेरी कवच आणि विटांची तिरकी, एकमेकींत अडकणारी रचना ज्याला खडूनं दाखवता आली, त्याचं काम झालं. लेखक निवडणाऱ्यांकडून मूळ मजकुरातला एक उतारा वाचून घ्या. मॅकियाव्हेलीचं १० डिसेंबर १५१३चं पत्र उत्तम. चिखलाचे कपडे दारात उतरवून, दरबारी पोशाख चढवून तो रात्री प्राचीन लेखकांशी बोलायला बसतो.

मी २० गुण असे वाटतो: निरीक्षणाला ८, पुराव्याला ६, प्रश्नोत्तरांना ४, मांडणीला २. लाजरी मुलं प्रश्नोत्तरांत मार खातात, म्हणून दोन प्रश्न आदल्या दिवशीच हातात द्यावेत आणि उत्तर लेखी आणलं तरी चालेल, असं आधीच सांगून ठेवावं.