चौघांत एक फोन, समोर अजिंठा

श्रोतेहो, नमस्कार.

काही वर्षांपूर्वी आमच्या ज्येष्ठ नागरिक संघाची 22 जणांची सहल अजिंठ्याला गेली होती. परतीच्या प्रवासात कोणीतरी सहज विचारले, की सतराव्या लेण्यात उजव्या भिंतीवर हत्ती आणि नावा दिसल्या, ती गोष्ट कोणती? कोणालाच सांगता येईना. त्या भिंतीची छायाचित्रे मात्र प्रत्येकाच्या फोनमध्ये होती, आणि बहुतेक छायाचित्रांत भिंतीपुढे आम्हीच उभे होतो. ती रुखरुख माझ्या मनातून गेली नाही. गेल्या हिवाळ्यात पुन्हा जायचे ठरले, तेव्हा या खेपेस फोन पिशवीतच ठेवावेत, असे एका सभासदाने सुचवले. मला ते पटले नाही. हाच फोन चौघांच्या मधोमध धरला, तर तो चौघांनाही एका भिंतीपुढे थांबवून ठेवू शकतो, असे मला वाटत होते, आणि तसा अनुभव आला म्हणूनच आज मी आपल्याशी बोलतो आहे.

ज्या माध्यमातून मी आपल्याशी बोलतो आहे, त्याचा या विषयाशी जुना संबंध आहे. 1952 मध्ये ॲमस्टरडॅमच्या स्टेडेलिक संग्रहालयात प्रेक्षकांच्या कानाला लावायला छोटी ग्रहणयंत्रे दिली गेली, आणि चित्रांची माहिती रेडिओच्याच तंत्राने दालनात प्रक्षेपित केली गेली. सगळ्यांना एकाच क्षणी एकच वाक्य ऐकू येई, त्यामुळे सगळ्यांच्या माना एकदमच त्या चित्राकडे वळत. पुढे ज्याच्या त्याच्या गळ्यात ध्वनिमुद्रित माहितीचे यंत्र आले, ज्याला हवे तेव्हा हवे ते ऐकण्याची सोय झाली, आणि सोबत आलेली माणसे आपापल्या कानांत बंद झाली. कॅलिफोर्नियातील फिलोली नावाच्या जुन्या वास्तूत झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो येथील संशोधकांनी या अडचणीवर एक उपाय करून पाहिला. जोडीने आलेल्या दोघांच्या हातांत त्यांनी अशी यंत्रे दिली, की आपला जोडीदार काय ऐकतो आहे, ते आपल्यालाही ऐकता यावे. दोघांनी तीच माहिती ऐकली की त्यांच्यात त्या वस्तूविषयी बोलणे सुरू होई. मला यातले मर्म असे वाटते, की माहिती पोहोचणे ही अर्धीच गोष्ट आहे. ती ऐकून शेजारच्याला काहीतरी म्हणावेसे वाटणे, ही उरलेली अर्धी.

आम्ही चार-चार, पाच-पाच जणांचे गट केले आणि प्रत्येक गटाने एकच फोन बाहेर काढायचा, असा नियम केला. डोंगराच्या कुशीत रेंजचा भरवसा नसतो, म्हणून लागणारे सारे घरीच उतरवून घेतले. त्यात सर्वांत मोलाची ठरली ती जुनी चित्रे. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेतील जॉन ग्रिफिथ्स यांनी आपल्या विद्यार्थ्यांना घेऊन 1872 ते 1885 या काळात अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या प्रती केल्या. त्यांपैकी बऱ्याच प्रती 1885 मध्ये लंडनला लागलेल्या आगीत गेल्या, तरी वाचलेल्या प्रती आणि ग्रिफिथ्स यांच्या ग्रंथातील चित्रे आज इंटरनेटवर पाहता येतात. भिंतीवर जिथे आता गिलावा सुटून मातकट डाग दिसतो, तिथे दीडशे वर्षांपूर्वी काय उरलेले होते, ते जागेवर उभे राहून ताडून पाहण्यासाठी फोनइतके सोयीचे साधन मला दुसरे माहीत नाही.

आता त्या सतराव्या लेण्याविषयी. उजव्या भिंतीवर सिंहल नावाच्या व्यापाऱ्याची कथा आहे. समुद्रात त्याचे जहाज फुटते, तो साथीदारांसह एका बेटावर पोहोचतो, तिथल्या देखण्या स्त्रिया राक्षसी निघतात, आणि एक दिव्य अश्व त्याला पाठीवर घेऊन आकाशमार्गाने परत आणतो. त्यातली एक राक्षसी त्याच्या मागोमाग येते, राजाला भुलवते आणि एका रात्रीत राजवाडा उजाड करते. मग सिंहल राजा होतो आणि सैन्य घेऊन त्या बेटावर चालून जातो. ही कथा भिंतीवर आपल्या पुस्तकांसारखी डावीकडून उजवीकडे क्रमाने येत नाही. एका ठिकाणी घडलेले प्रसंग चित्रकारांनी जवळजवळ रंगवले आहेत, मग त्यांच्यामध्ये कितीही काळ गेलेला असो. म्हणूनच मागच्या खेपेस आम्हाला तिथे नुसती गर्दी दिसली होती.

या वेळी आम्ही त्या भिंतीच्या छायाचित्राचे प्रसंगवार आठ तुकडे करून ते कथेच्या क्रमाने फोनमध्ये ठेवले होते. फोन धरणाऱ्याने प्रसंग दोन वाक्यांत सांगायचा, तुकडा दाखवायचा, फोन खाली करायचा, आणि बाकीच्यांनी तो भिंतीवर शोधायचा. पहिला तुकडा सापडायला बराच वेळ लागला. तिसऱ्यापासून मात्र आमच्यातल्या एक काकू सर्वांच्या आधी बोट दाखवू लागल्या, आणि पांढरा घोडा सापडला तेव्हा त्यांनी माझा दंड इतका घट्ट धरला, की मी भिंत सोडून क्षणभर त्यांच्या चेहऱ्याकडेच पाहत राहिलो. त्या एका भिंतीपुढे आम्ही आणखी थांबलो असतो, पण मागे इतर लोक खोळंबले होते.

छताची अडचण वेगळी असते. वयपरत्वे मान वर करून फार वेळ पाहता येत नाही. दुसऱ्या लेण्याच्या छतावर हंसांची सुरेख रांग आहे. एकाने फोन तळहातावर आडवा ठेवून पुढचा कॅमेरा सुरू केला, आणि परातीतल्या पाण्यात चंद्र पाहावा तसे चार डोकी खाली वाकून ते छत पाहू लागली. प्रतिमा थोडी अंधूक येते, आरशासारखी उलटीही दिसते, पण कुठे पाहायचे ते कळते, आणि मग मान क्षणभरच वर करावी लागते.

दहाव्या लेण्यात एका खांबावरील चित्रावर 1819 मध्ये तिथे पोहोचलेल्या जॉन स्मिथ या इंग्रज अधिकाऱ्याने कोरलेले नाव आहे. ते डोक्यापेक्षा उंच आहे, कारण त्या वेळी लेणे मातीने आणि दगडगोट्यांनी भरलेले होते आणि तो त्या भरावावर उभा होता. साध्या डोळ्यांना न दिसणारी ती पुसट अक्षरे कॅमेऱ्यातून मोठी करून पाहिली. प्राचीन चित्रावर कोणी आपले नाव कोरावे, याचे मला आजही वाईट वाटते.

काही पथ्ये मात्र कसोशीने पाळावी लागतात. फ्लॅशला तिथे मनाई आहे आणि ती योग्यच आहे, म्हणून आत शिरण्यापूर्वीच तो बंद करून पडद्याचा उजेडही कमी करावा. फोनचा आवाज मोठा लावू नये, कारण चैत्यगृहाच्या कमानदार छताखाली तो घुमतो आणि दुसऱ्यांची शांतता मोडतो. वाचणाऱ्याने हळू आवाजात वाचलेलेच चांगले.

आमच्यातल्या दोघींना पायऱ्या चढणे शक्य नव्हते आणि डोलीत बसायची त्यांची तयारी नव्हती. त्या खाली वाघूर नदीच्या बाजूला सावलीत बसल्या. त्यांच्यासाठी प्रत्येक गटाने एकेका लेण्यासमोर दोन-दोन मिनिटे बोलून ठेवले होते. खानदेशातल्या एका बाईंनी सिंहलाची गोष्ट अहिराणीत सांगितली होती. फर्दापूर फाट्याकडे जाणाऱ्या बसमध्ये ते सारे ऐकवले, तेव्हा त्या दोघींपैकी एकीने विचारले, "तो घोडा जमिनीवर उभा आहे, का उडतो आहे?" तिघांनी एकदम तीन उत्तरे दिली, आणि फाटा आला तरी ती चर्चा थांबली नव्हती.