खांद्यावर वडील, मागे बायको

रोमच्या बोर्गेझे संग्रहालयात बेर्निनीचं एक संगमरवरी शिल्प आहे, १६१८-१९ च्या सुमाराचं. तरण्या माणसाच्या खांद्यावर म्हातारे वडील. वडिलांच्या हातात कुलदेवतांच्या मूर्ती. मागे पायाशी लहानगा मुलगा. माणसं तीन. चौथं माणूस या दगडात नाही, आणि आपल्याला त्याच माणसाकडे जायचंय.

हा तरणा माणूस ईनिअस, रोमन कवी व्हर्जिलच्या ‘ईनिड’ या महाकाव्याचा नायक. त्याचं ट्रॉय शहर जळतंय, ग्रीक सैनिक घराघरांत शिरलेत. खांद्यावर सिंहाचं कातडं टाकून तो वाकतो आणि वडिलांना उचलतो. देवांच्या मूर्ती वडिलांकडे देतो, कारण त्याचे स्वतःचे हात रक्ताने माखलेत. मुलगा बोट धरून चालतो, पण त्याची पावलं बापाच्या पावलांना पुरत नाहीत. आणि बायको, क्रेउसा? तिने मागून यायचं, अंतर ठेवून. गावाबाहेर पोचल्यावर माणसं मोजली, तेव्हा ती नव्हती.

तो परत पळतो. जळत्या गल्लीत भेटते ती तिची छाया. तीनदा मिठी मारायला जातो, तीनदा हात रिकामे.

‘ईनिड’चा कणा म्हणजे ‘पिएतास’. आईवडील, देव आणि देश यांचं देणं चुकवणं. आपल्याकडच्या देवऋण-पितृऋणाच्या जवळ जाणारी कल्पना. व्हर्जिल या गुणाचे गोडवे गातो खरा, पण त्याची किंमत कोण मोजतं, हेही तो लपवत नाही.

पुढची किंमत उत्तर आफ्रिकेतल्या कार्थेज नगरीच्या राणीची. डायडो वादळात सापडलेल्या ईनिअसला आसरा देते, त्याच्यावर जीव लावते. मग देवांचा निरोप येतो: ऊठ, इटलीला नीघ, तिथे तुझ्या वंशाचं रोम उभं राहायचंय. ती जाब विचारते. तो म्हणतो, “इटलीला मी माझ्या मर्जीने जात नाही.” लॅटिनमध्ये ही ओळ अर्धीच आहे. अशा अपुऱ्या ओळी काव्यात इतरत्रही आहेत, कारण इसवी सनापूर्वी १९ मध्ये व्हर्जिल गेला तेव्हा काम संपलं नव्हतं. हस्तलिखित जाळा, असं त्याने सांगून ठेवलं होतं म्हणतात. सम्राट ऑगस्टसने ते वाचवलं. पण ही एक ओळ मात्र मला अपुरी वाटत नाही. याच्यापुढे तो माणूस बोलणार तरी काय?

डायडो त्याच्याच तलवारीने जीव देते. पुढे मृतांच्या पाताळात दोघं समोरासमोर येतात, तो रडतो, विनवतो. ती एक शब्द बोलत नाही.

पाताळात वडीलही भेटतात. तीनदा मिठी, तीनदा रिकामे हात. क्रेउसाच्या वेळच्याच तीन ओळी, शब्दन् शब्द. वडील रोमचं भविष्य दाखवतात आणि बजावतात: शरण आलेल्याला अभय द्या, मग्रुरांना नमवा.

साधारण ऐंशी वर्षांनी लुकन या रोमन कवीने सीझर आणि पॉम्पी यांच्या यादवीवर महाकाव्य लिहिलं, तेव्हा माणसांच्या भानगडीत पडणारे देवच काढून टाकले. व्हर्जिलला ती सोय नव्हती.

बारावा, शेवटचा सर्ग. इटलीतला शत्रू टर्नस जखमी होऊन पडलाय. हात पुढे करून तो म्हणतो, माझ्या म्हाताऱ्या वडिलांची कीव कर, तुझेही वडील असेच होते. ईनिअसचा हात थांबतो. तेवढ्यात टर्नसच्या खांद्यावरचा पट्टा चमकतो. तो पॅलसचा. ईनिअसच्या भरवशावर लढाईला आलेल्या कोवळ्या पोराचा. टर्नसने त्याला मारून काढून घेतलेला.

तलवार छातीत उतरते. टर्नसचा प्राण कण्हत, चडफडत पाताळात निघून जातो. ही ‘ईनिड’ची शेवटची ओळ.