शिकवलं सरकारने, नोकरीही सरकारचीच

गुन्ह्यातला डिजिटल पुरावा तपासणाऱ्याच्या टेबलावर एक मोबाइल आहे. चालू आहे, पण लॉक आहे. नवख्या हाताला पहिला मोह होतो तो फोन बंद करून पिशवीत टाकायचा, आणि तिथेच पुरावा हातचा जातो. फोन सुरू झाल्यावर एकदा जरी पासकोड टाकलेला असेल, तरी आतली बरीचशी कुलूपबंद माहिती उघडणाऱ्या सांकेतिक किल्ल्या मेमरीत जिवंत असतात. बंद केला की त्या गेल्या. म्हणून फोन चालूच ठेवायचा, पॉवर बँक जोडायची आणि दोन्ही मिळून फॅराडे पिशवीत घालायचं. ही पिशवी लहरी अडवते, त्यामुळे लांबून कुणाला फोन पुसता येत नाही. पण आत सिग्नल शोधून शोधून फोन बॅटरी भराभर संपवतो. पॉवर बँक त्यासाठीच.

आता हार्ड डिस्क. ती राइट ब्लॉकर नावाच्या उपकरणामार्फतच जोडायची, म्हणजे तपासणाऱ्या संगणकाकडून तिच्यावर एक अक्षरही लिहिलं जात नाही. मग तिची हुबेहूब प्रत काढायची, मूळ डिस्क आणि प्रत दोन्हींचा हॅश, म्हणजे आतल्या माहितीवरून निघणारा, बोटाच्या ठशासारखा आकडा, काढायचा आणि ते जुळवून बघायचे. एसएसडी, म्हणजे फिरत्या तबकडीऐवजी चिपवर माहिती साठवणारी डिस्क असेल, तर मात्र सावध राहायचं. वीज मिळाली की तिचा कंट्रोलर, म्हणजे तिच्यातलीच नियंत्रक चिप, पुसलेल्या म्हणून नोंदवलेल्या जागा स्वतःच साफ करत सुटतो. राइट ब्लॉकर बाहेरून येणारं लिखाण अडवतो, हे आतलं काम त्याला थांबवता येत नाही. आज काढलेला हॅश आणि महिन्याने काढलेला हॅश वेगळा आला, की न्यायालयात पहिला प्रश्न त्यावरच येतो. त्यामुळे प्रत लवकर काढायची आणि डिस्क कुणाकडून कुणाकडे, किती वाजता गेली, याची नोंद त्याच क्षणी करायची. संध्याकाळी आठवून लिहिलेली नोंद उलटतपासणीत टिकत नाही.

अमेरिकेत हे शिकणाऱ्या काही विद्यार्थ्यांची फी सरकार भरतं. योजनेचं नाव सायबरकोर स्कॉलरशिप फॉर सर्व्हिस. 2001 मध्ये निधी मिळालेल्या पहिल्या संस्थांमध्ये ओक्लाहोमातलं टल्सा विद्यापीठ होतं. तिथला हा अभ्यासक्रम, म्हणजे सायबर कोर, उभा केला मुंबईच्या आयआयटीत शिकलेले प्राध्यापक सुजीत शेणॉय यांनी.

पूर्ण फी माफ. वर हातखर्चाला पदवीच्या विद्यार्थ्याला वर्षाला 27,000 डॉलर, पदव्युत्तर विद्यार्थ्याला 37,000 डॉलर. परिषदा, परीक्षा, पुस्तकं यांसाठी आणखी 6,000. त्याबदल्यात, शिष्यवृत्ती जेवढा काळ घेतली तेवढा काळ सरकारी नोकरी करायची, आणि उन्हाळ्यात इंटर्नशिपही. बहुतेकांना केंद्र सरकारच्याच खात्यात जावं लागतं, राज्य आणि स्थानिक संस्थांसाठी थोड्याच जागा असतात. नोकरी केली नाही, तर मिळालेल्या पैशाचं कर्ज होतं.

ही शिष्यवृत्ती अमेरिकन नागरिक आणि ग्रीन कार्डधारकांसाठीच आहे. पुण्याहून किंवा नागपूरहून विद्यार्थी व्हिसावर गेलेल्यांनी यात वेळ घालवू नये. ग्रीन कार्डवाल्यांनाही आधीच सांगायला हवं, की केंद्रातल्या बहुतेक नोकऱ्या नागरिकांनाच मिळतात. शिष्यवृत्ती पदरात पडेल, पण फेड करायला नोकरी सापडणं अवघड जाईल.

खरी अडचण सुरू होते ती नोकरीआधी उमेदवाराच्या होणाऱ्या सुरक्षा तपासणीच्या फॉर्मपासून. त्याला एसएफ 86 म्हणतात. मागच्या दहा वर्षांत कुठे राहिलात, कुठे काम केलं, हे सलग भरायचं. दोन भाडेकरारांमधला महिनाभर मित्राकडे काढला असेल, तर तोही लिहायचा. परदेशातल्या जवळच्या लोकांची माहिती द्यायची. तिथे जन्मलेल्या मराठी मुलाची भारतात मावशी असेल आणि दर रविवारी व्हिडिओ कॉल होत असेल, तर तिचं नाव येणारच. नातं असणं हा गुन्हा नाही, ते लपवणं महागात पडतं. गांजा ओढला असेल, तर तेही लपवायचं नाही. राज्यात कायदेशीर असला तरी केंद्राच्या कायद्यात नाही. तपासणीला कित्येक महिने लागू शकतात, म्हणून पदवी हातात येण्याच्या वर्षभर आधीच अर्ज सुरू करावे लागतात.

एवढं सगळं नीट करूनही 2025 मध्ये बरीच मुलं अडकली. 20 जानेवारीला केंद्राच्या भरतीवर बंदी आली आणि काहींना मिळालेल्या नोकऱ्याही रद्द झाल्या. पदवीनंतर नोकरी मिळवायला दिलेली 18 महिन्यांची मुदत मात्र धावतच होती. हे अन्यायाचं आहे. भरती सरकारनेच थांबवली असेल, तर घड्याळही सरकारनेच थांबवायला हवं. करारावर दोघांच्या सह्या असतात.

अर्ज विद्यापीठाकडे करायचा असतो आणि प्रत्येकाची तारीख वेगळी असते. सही करण्याआधी तिथल्या समन्वयकाला दोनच प्रश्न विचारा: गेल्या वर्षीच्या तुकडीतले किती जण नोकरीवर रुजू झाले, आणि जे झाले नाहीत त्यांच्या कर्जाचं काय झालं? उत्तर लेखी मागा.