हिडकलमध्ये उलटायचं, काळीच्या मुखाशी तरायचं

(दृश्य : पहाट. हिडकलचं सपाट पाणी. गाडीच्या टपावरून लांब, निमुळती होडी दोघं जण खांद्यावर उतरवून घेतायत.)

बेळगावातून समुद्र दिसत नाही. पावसाळ्यात ढग पाठवतो, तेवढीच त्याची ओळख. गावचं पाणीसुद्धा त्याच्याकडे पाठ करून वाहतं. मार्कंडेय घटप्रभेला मिळते, घटप्रभा कृष्णेला, आणि कृष्णा निघते बंगालच्या उपसागराकडे. अशा गावात समुद्री कयाकिंगचा क्लब आहे म्हटलं की लोक हसणारच. टिळकवाडीत रेल्वे गेटला गाडी थांबली होती, टपावर पाच मीटर लांबीची कयाक. शेजारच्या स्कूटरवरच्या काकांनी मान वर करून विचारलं, "काय रे, रॉकेट नेऊलास काय?"

तर हे हिडकल. घटप्रभेवरचं धरण, भरलं की ५१ टीएमसी. उन्हाळ्यात पाणी उतरलं की हुन्नूरचं विठ्ठलाचं देऊळ वर येतं आणि लोक दर्शनाला लोटतात. आत्ता नोव्हेंबर. विठ्ठल पाण्याखाली आहे, आणि आमची मंडळी आज त्याच पाण्यात डोकं खाली, पाय वर करणार आहेत.

(दृश्य : कयाकचं जवळून दर्शन. झाकणं, दोऱ्या, बसायची जागा.)

समुद्री कयाक लांब असते आणि अरुंद. रुंदी साठ सेंटिमीटरच्या आत-बाहेर, म्हणजे आपल्या स्वयंपाकघराच्या ओट्याएवढी. पुढे-मागे बंद कप्पे. होडी उलटली तरी पाणी शिरतं ते फक्त बसायच्या खोबणीत, कप्प्यांमधली हवा तिला तरंगती ठेवते. खोबणीच्या कडेवर घट्ट बसणारा आणि कमरेला धरणारा रबरी कापडाचा घेर असतो, स्प्रे-स्कर्ट. आमच्या क्लबात त्याला लुंगी म्हणतात.

या लुंगीला पुढच्या बाजूला पट्टीचा एक लूप असतो. उलटलात की पाण्याखाली तो चाचपायचा, पुढे ओढायचा, मग वर. लुंगी सुटते, तुम्ही बाहेर पडता. एवढंच काम. पण लूप चुकून आत दुमडून राहिला, तर ओढायला हाताला काही लागत नाही.

(दृश्य : पन्नाशीतल्या बाई कयाकमध्ये बसतात. कमरेएवढ्या पाण्यात उभा असलेला मुलगा कयाक धरून.)

या आमच्या बाई. शाळेत गणित शिकवतात. पहिल्या दिवशी त्यांनी लूप नीटनेटकेपणानं आत खोचला होता, पदर खोचावा तसा. बाजूला उभ्या मुलाला ते दिसलं. तो त्यांचाच जुना विद्यार्थी. त्याच्या तोंडून निघालं, "बाई, लूप कुठाय?" बाईंनी खाली बघितलं, लूप बाहेर काढला आणि म्हणाल्या, "हा प्रश्न मी तुम्हाला आठवीत विचारायची. 'हातचा कुठाय?'" तेव्हापासून पाण्यात शिरण्याआधी प्रत्येक जण शेजाऱ्याला मोठ्यानं विचारतो, "हातचा कुठाय?" समोरच्यानं लूपवर हात ठेवून दाखवायचा. न दाखवता कुणी सुटत नाही.

(दृश्य : बाई उलटतात. पाण्यावर फक्त कयाकचं पोट. तीन सेकंद. बाई वर येतात, चष्मा दोरीला लोंबतोय.)

नवा माणूस पाण्याखाली पहिली गोष्ट करतो ती म्हणजे घाई. म्हणून आधी कयाकच्या पोटावर खालून तीन थापा मारायच्या, मग लूप. त्या तीन थापांना अर्थ असा काही नाही, डोकं जागेवर येतं एवढंच.

बाहेर न पडता, कंबरेच्या हिसक्यानं होडी परत सुलटी करायची, त्याला रोल म्हणतात. ही विद्या आर्क्टिकमधल्या इनुइट लोकांची. लाकडाचा सांगाडा, वर सीलचं कातडं, आणि खाली बर्फाचं पाणी. तिथं होडीबाहेर पडणं म्हणजे संपलं, त्यामुळे त्यांनी उलटूनही आत राहायची कला साधली. युरोपात १९२७ साली हान्स एडी पावलाटा नावाच्या ऑस्ट्रियन माणसानं ती जमवली, ग्रीनलँडकडची वर्णनं वाचून. आणि कुठे जमवली? आल्प्समधल्या एका तळ्यात. समुद्र त्याच्याही गावाला नव्हता. हिडकलच्या काठावर हे सांगितलं की नव्या पोरांना जरा बरं वाटतं.

खरं सांगायचं तर आमच्यात रोल भरवशानं जमतो दोघांनाच. बाकीच्यांची मदार जोडीदारावर. म्हणून हिडकलला सगळ्यात जास्त वेळ जातो तो दुसऱ्याला परत होडीत बसवण्यात.

(दृश्य : दोन कयाका. संथ गतीत.)

नीट बघा. उलटलेली कयाक, तिला धरून पाण्यात माणूस. सोडवणारा येतो तो आडवा, इंग्रजी टी अक्षरासारखा. उलट्या कयाकची नाळ, म्हणजे पुढचं टोक, उचलून स्वतःच्या मांडीपुढे घेतो. खोबणीतलं पाणी भळाभळा ओततं. मग तिला सुलटी करून स्वतःच्या कयाकला समांतर लावतो आणि तिच्यावर छातीसकट रेलतो. आता दोन होड्यांची एक रुंद होडी झाली. पाण्यातला माणूस मागच्या बाजूनं पोटावर चढतो, पाय आत सरकवतो, उताणा होतो. लुंगी लावतो. सोडवणाऱ्यानं तोवर हात सोडायचा नाही. इथंच लोक चुकतात. माणूस आत बसला म्हणजे झालं असं वाटतं, हात सुटतो, आणि तो परत पाण्यात.

हे सगळं सपाट पाण्यात वीस वेळा केलं की कंटाळा येतो. एकविसाव्यांदाही करावं लागतं, कारण पुढच्या शनिवारी पाणी सपाट नसतं.

(दृश्य : खानापूर, रामनगर, जोयडा. धुक्यातला अणशी घाट. टपावर कयाका.)

कारवारला जायला आम्ही अणशी घाटाची वाट घेतो. इथं पाणी आमच्या बाजूनं वाहू लागतं. काळी नदी जोयडा तालुक्यात उगम पावते, सुपा, दांडेली, कद्रा असं करत सदाशिवगडाच्या पायथ्याशी समुद्राला भेटते. सगळी मिळून १८४ किलोमीटर.

(दृश्य : सदाशिवगडाखालचा किनारा. काळीवरचा पूल.)

मुखाजवळ हा पूल. याच्या शेजारचा जुना ऑगस्ट २०२४ मध्ये नदीत कोसळला. खांबांच्या आसपास प्रवाह गुंडाळतो, कयाकला तिथून लांब ठेवायचं. दक्षिणेला नौदलाचा तळ, त्या बाजूला जायचंच नाही. आमचं तोंड बाहेर, कूर्मगड बेटाकडे.

कधी निघायचं हे ठरवतो चंद्र. कोकणातला जुना हिशोब आहे, तिथीची पाऊणपट केली की भरती पूर्ण व्हायची वेळ येते. चतुर्थीला तीन. अष्टमीला सहा. तक्ता फोनवर असतोच, पण बाई आधी तोंडी हिशोब करतात, मग फोन बघतात. आजची तिथी अष्टमी. सकाळी सहाला भरती, म्हणजे बारापर्यंत ओहोटी आपल्याला बाहेर नेणार. सकाळचे मतलई वारेही जमिनीकडून समुद्राकडे. दुपारी भरती आत आणणार आणि खारे वारे पाठीवर. शिवाय अष्टमी म्हणजे भांग, पाण्याला फारसा जोर नाही. उधाणाला इथं पाणी दीड-दोन मीटरनं चढतं-उतरतं, आणि पौर्णिमेला ओहोटी लागते नेमकी दुपारी, खाऱ्या वाऱ्याच्या तोंडावर. बाहेर जाणारं पाणी आणि आत येणारा वारा भिडले की लाट उभी राहते.

पौष पौर्णिमेला कूर्मगडावर नरसिंहाची जत्रा असते. २१ जानेवारी २०१९ ला जत्रेहून परतणारी होडी उलटली आणि डझनावर माणसं गेली. किनाऱ्यावर या गोष्टीची चर्चा कुणी करत नाही. आम्हीही करत नाही. लाइफ जॅकेटचे पट्टे मात्र मुकाट्यानं आवळले जातात.

(दृश्य : सहा कयाका मुखाबाहेर पडतात. सकाळचं तिरपं ऊन.)

पुढे एक, मागे एक राखणीला, बाकीचे मध्ये. वेग सगळ्यात हळू माणसाचा, ताशी पाचेक किलोमीटर. वल्हं दंडानं मारायचं नाही, कंबर वळवायची. दंडानं मारणारा तासाभरात ओळखू येतो, तो वल्हं मांडीवर ठेवून डोंगर बघत बसतो. पहिल्या महिन्यात हाका तीन भाषांत असायच्या. "डावीकडं!" "एडक्के!" "दाव्यान!" वाऱ्यात तिन्ही सारख्याच ऐकू येत नाहीत. आता शिट्टी. एक म्हणजे इकडे बघा, तीन म्हणजे कुणी तरी पाण्यात.

(दृश्य : पाण्याचा रंग बदलतो. दूर पांढरे तुरे.)

आज खारे वारे लवकर उठले. साडेदहालाच. बेट अजून निम्म्यावर. पुढच्यानं वल्हं आडवं धरून उंचावलं, म्हणजे थांबा. माघारी फिरायचं ठरायला अर्धं मिनिट लागलं. एका पोराचं तोंड उतरलं, त्यानं घरी बेटावरच्या फोटोचं कबूल केलं होतं.

अडचण पुढे होती. अकरा वाजता मुखाशी ओहोटी अजून बाहेर धावत होती आणि वारा आत. भांग असूनसुद्धा वाळूच्या दांड्यावर कंबरभर लाटा. मागून लाट आली की कयाकची शेपूट उचलते, नाळ रुतते आणि होडी आडवी फिरते.

(दृश्य : हलता कॅमेरा. शिट्टी, तीनदा.)

बाई.

कयाकचं पोट वर. तीन थापा ऐकू आल्या नाहीत, पण बाई नंतर म्हणाल्या, मारल्या होत्या. डोकं वर आलं, एक हात वल्ह्यावर, एक होडीवर. जुना विद्यार्थी आडवा आला. नाळ उचलली, पाणी ओतलं, सुलटी, समांतर. लाट आली, दोन्ही होड्या एकत्र वर गेल्या आणि खाली आल्या. बाई पोटावर, पाय आत, उताण्या. त्यानं हात सोडला नाही. "लुंगी?" "लावली." "हातचा?" बाईंनी लूपवर हात ठेवला. मग सोडलं.

कॅमेऱ्यातल्या घड्याळात एक मिनिट चाळीस सेकंद.

किनाऱ्यावर रापण, म्हणजे मोठं जाळं, ओढणाऱ्या एका मामांनी हे सगळं बघितलं होतं. जवळ आले, कयाकवर बोटानं टकटक केलं. म्हणाले, "बाराक येवपाचें न्हय?" बारा वाजता पाणी फिरतं, तेवढं थांबायचं ना. बरोबर होतं त्यांचं. मुखाबाहेर तासभर कळ काढली असती तर भरतीनं अलगद आत आणलं असतं. क्लबच्या वहीत तसं लिहिलंय, बाईंच्या अक्षरात.

(दृश्य : बेळगाव, गल्ली. नळाला पाइप. कयाका ओट्याला टेकवून.)

खारं पाणी झाकणांचं रबर आणि दोऱ्या खातं, म्हणून आल्यावर कयाका गोड्या पाण्यानं धुवाव्या लागतात. रविवारी नळाला पाणी नव्हतं, मंगळवारी आलं. कारवारचं मीठ गल्लीच्या गटारीत उतरलं. तिथून बळ्ळारी नाला, मार्कंडेय, घटप्रभा, हिडकलला खालून बगल देऊन कृष्णा. अरबी समुद्राचं मीठ निघालं बंगालच्या उपसागराला.

(दृश्य : बाई लुंगी दोरीवर वाळत घालतायत. शेजारी साड्या.)