या जपानी तलवारीवर सही आहे सुकेसादा नावाच्या लोहाराची. पण कुठल्या सुकेसादाची?

मूठ उतरवायला छोटी पितळी हातोडी पुरते. मुठीतून आरपार गेलेली बांबूची खुंटी, म्हणजे मेकुगी, एका टोकाला निमुळती असते. त्या टोकाकडून ठोकली की सुटते, उलटीकडून ठोकली की आणखी आवळते. मग मूठ डाव्या हातात धरायची, पातं उभं पण किंचित कलतं ठेवायचं आणि उजव्या मुठीने डाव्या मनगटावर हलके ठोसे द्यायचे. पातं आपोआप सैल होतं.

मुठीत दडलेला भाग म्हणजे नाकागो. त्यावरचा काळपट गंज घासायचा नाही! तलवारीचं वय त्या गंजातच असतं आणि चकचकीत करण्याच्या हौसेत ते पुसलं जातं.

या नाकागोवर कोरलंय, 'बिशू ओसाफुने सुकेसादा'. बिशू म्हणजे जुना बिझेन प्रांत, ओसाफुने म्हणजे आजच्या ओकायामा प्रांतातलं लोहारांचं गाव. तिथे सुकेसादा नावाने सही करणारे लोहार एकदोन नव्हते, डझनावारी होते. 16व्या शतकातल्या लढायांसाठी घाऊक घडवलेल्या पात्यांवर अशीच त्रोटक सही सापडते. खास मागणीच्या पात्यावर 'बिझेन-नो-कुनी जू ओसाफुने' असा पुरता पत्ता, योसोझाएमोन-नो-जोसारखं लोहाराचं स्वतःचं नाव आणि मागच्या बाजूला साल-महिना. महिना बहुधा दुसरा किंवा आठवा. तो रिवाज होता, त्यावरून घडवल्याची तारीख ठरवू नये.

आता भिंग. छिन्नीच्या रेघेच्या तळाशी गंज आजूबाजूइतकाच मुरलेला हवा. रेघ गंज फोडून गेली असेल, कडा बोटाला टोचत असतील, तर सही मागाहून कोरलेली. नामवंतांच्या खोट्या सह्या जपानमध्ये शतकानुशतकं चालत आल्यात. कोतेत्सू या नामवंत लोहाराची सही दिसली की जाणकार आधी संशयच घेतात.

सहीला पात्याची साक्षही लागते. त्या काळच्या ओसाफुने पात्याचा नाकागो आखूड, एका हाताने वार करण्याजोगा. पाणी देताना धारेवर उमटलेली नक्षी, हामोन, तळाशी रुंद उघडणाऱ्या लाटांची; काही लाटांची टोकं खेकड्याच्या नांगीसारखी दुभंगलेली. इथे नुसती सरळ रेघ दिसली, तर लगेच बाद करू नका. सुकेसादांनी सरळ हामोनही केलाय, पण तपासणी वाढवा.

दुसऱ्या महायुद्धातली पाती वेगळी काढणं त्यामानाने सोपं. नाकागोवर 'सेकी' किंवा 'शोवा'चा छोटा शिक्का असेल, तर ते बहुधा सैन्यासाठी कारखानी पद्धतीने, तेलात विझवून केलेलं पातं.

1948 साली स्थापन झालेली निप्पॉन बिजुत्सु तोकेन होझोन क्योकाई ही संस्था पाती तपासून प्रमाणपत्र देते. सही खोटी ठरली तर प्रमाणपत्र नाही. मग काही मालक ती सही खरवडून, पातं बिनसहीचं म्हणून पुन्हा पाठवतात. निकालाआधी मात्र कानस लावू नये, कारण खरवडलेली सही परत येत नाही.