क्विग्ली शिंपी आणि आपली मुलं

नमस्कार मंडळी. कोजागरीचं दूध आटेपर्यंत चार शब्द बोल, असं मला सांगितलंय. मी बोलणार आहे आयरिश लोकगायक क्रिस्टी मूर यांच्या 'प्रॉस्परस' या आल्बमबद्दल.

आपल्या डब्लिनपासून तासाभराच्या अंतरावर, किल्डेअर परगण्यात प्रॉस्परस नावाचं गाव आहे. तिथल्या एका जुन्या घराच्या तळघरात १९७१ साली ही गाणी ध्वनिमुद्रित झाली, आल्बम आला १९७२ मध्ये. मूर जवळच्याच न्यूब्रिजचे. आधी बँकेत कारकून होते. १९६६ च्या बँक संपात इंग्लंडला गेले आणि गातच राहिले. प्रॉस्परसमध्ये त्यांच्यासोबत डोनल लनी, अँडी अर्वाइन आणि आयरिश पाइप्स हे वाद्य वाजवणारे लिअम ओ'फ्लिन होते. या चौघांचाच पुढे 'प्लँक्स्टी' हा बँड झाला.

जवळजवळ प्रत्येक गाण्यात एक गोष्ट आहे. उमरावाची बायको घरदार सोडून जिप्सींबरोबर निघून जाते. दुसरं गाणं १९१४ साली कोलोरॅडोत खाणकामगारांवर झालेल्या गोळीबाराचं. मूर आवाज चढवून दाद मागत नाहीत. समोर बसून सांगावं तसे गातात, म्हणून आपण शेवटपर्यंत ऐकतो.

आणि 'स्पॅन्सिल हिल'. क्लेअर परगण्यातल्या त्या नावाच्या गावात २३ जूनला घोड्यांचा बाजार भरतो. तिथला मायकल कॉन्सिडाइन अमेरिकेला गेला आणि तरुणपणीच कॅलिफोर्नियात वारला. त्याच्या गाण्यात तो स्वप्नात बाजाराच्या आदल्या दिवशी गावी पोचतो. म्हातारी माणसं गेलेली, बरोबरीची पिकायला लागलेली. त्याची विजार सांधून देणारा क्विग्ली शिंपीही भेटतो. मग कोंबडा आरवतो आणि जाग येते ती कॅलिफोर्नियात.

गेल्या आठवड्यात गाडीत हे गाणं लागलं होतं. माझी लेक म्हणाली, "आई, याला शिंप्याचंसुद्धा नाव आठवतंय. तुमच्या शिंप्याचं काय होतं?" मी सांगितलं. नाव, एसटी स्टँडमागचं दुकान, गणवेशाचं माप घेताना तोंडात टाचण्या धरून बोलायची त्याची तऱ्हा, दिवाळीच्या आदल्या रात्रीपर्यंत चालणारं मशीन. ती गप्प बसून ऐकत होती. मग म्हणाली, "हे मला आधी का नाही सांगितलंस?"

मंडळी, या प्रश्नानं मला आठवडाभर स्वस्थ बसू दिलेलं नाही.

आपण मुलांना काय देतो? गणपतीत सिनेमाच्या गाण्यावर नाच बसवतो, फेटे बांधतो, व्हिडिओ काढतो. तेही हवंच. पण आजी-आजोबा तीन महिन्यांच्या व्हिसावर येतात, तेव्हा त्यांच्याकडे डबे आणि शाळेची ने-आण सोपवतो. इथे बसलेल्या किती आज्यांना जात्यावरच्या ओव्या येतात, हे आपण कधी विचारलंय? हेमा राईरकर आणि गी पॉइत्व्हँ यांनी महाराष्ट्रातल्या खेड्यापाड्यांतून एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. माहेर, भाऊ, सासुरवास, पंढरी, सगळं त्यात आहे.

उमरावाच्या बायकोचं ते गाणं मूर यांच्याकडे आलं जॉन रायली या ट्रॅव्हलर, म्हणजे आयर्लंडमधल्या भटक्या समाजातल्या, गायकाकडून. रायली हलाखीत जगला आणि १९६९ मध्ये तसाच गेला. लोकगीतं गोळा करणाऱ्या टॉम मनेली यांनी वेळेत त्याच्यासमोर टेपरेकॉर्डर ठेवला, म्हणून ती गाणी राहिली. आपल्या प्रत्येकाच्या खिशात आज फोन आहे. पुढच्या संक्रांतीला नाचाचे दोन कार्यक्रम कमी करा आणि माईक आज्यांच्या हातात द्या. मुलांना कळणार नाही, असं म्हणू नका. माझ्या लेकीला क्विग्ली कळला.

"आधी का नाही सांगितलंस?" याला माझ्याकडे अजून धड उत्तर नाही. आता मी रोज काहीतरी सांगते. पण एक काळजी राहतेच. कॉन्सिडाइनचं गाणं अमेरिकेतून घरी पोचलं. गावानं ते जपलं, तिथल्याच रॉबी मॅकमाहोन यांनी ते आयुष्यभर गायलं. आपल्या गावांत आपल्या घरांना कुलपं आहेत. भाऊ पुण्यात, चुलत बहीण बंगळुरात. आपल्यातल्या कुणी उद्या असं गाणं लिहिलंच, तर ते पाठवायचं कुणाकडे?