पडद्यावरचे नायक, कादंबरीतील पाच वर्षे

१९८३ साली ‘रिटर्न ऑफ द जेडाय’ प्रदर्शित झाला आणि ‘स्टार वॉर्स’च्या पहिल्या चित्रपटत्रयीची सांगता झाली. खलनायक असलेल्या सम्राटाचा अंत झाला होता, नायक-नायिका असलेले ल्यूक आणि लेया ही भावंडे असल्याचे उघड झाले होते आणि प्रेक्षकांच्या दृष्टीने कथा संपली होती. १९९१ मध्ये टिमथी झान यांची ‘एअर टू दि एम्पायर’ ही कादंबरी आली, तेव्हा हीच मंडळी वाचकांना पुन्हा भेटली. मात्र मधल्या काळात त्यांच्या आयुष्यातली पाच वर्षे सरली होती.

अशा कादंबरीच्या लेखकाची अडचण निराळीच असते, कारण पात्रे त्याची नसतात. त्यांचा चेहरा, आवाज आणि बोलण्याची ढब वाचकाला आधीपासूनच पाठ असते, आणि त्यांच्या आयुष्यात काय घडू द्यायचे याचा अंतिम अधिकार हक्कदार कंपनीकडे असतो. अ‍ॅलन डीन फॉस्टर यांच्या १९७८ मधील ‘स्प्लिंटर ऑफ द माइंड्स आय’ या कादंबरीत चित्रपटांतील दुसरा नायक हान सोलो मुळीच नाही, आणि त्याचे कारण व्यवहारात सापडते: हानची भूमिका करणारे हॅरिसन फोर्ड तोवर पुढच्या चित्रपटासाठी करारबद्ध झालेले नव्हते. त्याच पुस्तकात ल्यूक आणि लेया यांच्यात आकर्षणाची छटा आहे, जी पुढच्या चित्रपटांमुळे अवघड होऊन बसली. यात फॉस्टर यांचा काहीच दोष नव्हता.

झान यांनी पात्रांचे स्वभाव तसेच ठेवले आणि परिस्थिती पालटली. लेयाच्या पोटात हानची जुळी मुले आहेत आणि राज्यकारभारातून तिला जेडाय योद्ध्याच्या शिक्षणासाठी सवड मिळत नाही. एकेकाळी स्वतः तस्करी करणारा हान आता जुन्या ओळखीच्या तस्करांना सरकारसाठी मालवाहतूक करण्याची गळ घालतो. ल्यूकचा दिवंगत गुरू ओबी-वान त्याच्या स्वप्नात येऊन कायमचा निरोप घेतो. हा निरोप मला फार महत्त्वाचा वाटतो, कारण आजवर प्रत्येक पेचात ज्याच्याकडे वळता येत होते तो आधारच लेखकाने सुरुवातीलाच काढून घेतला आहे.

मर्कर ग्रहावरील प्रसंगांत ही पद्धत सर्वाधिक फळते. तेथील जंगलात इसालामिरी नावाचे प्राणी राहतात, आणि त्यांच्या आसपास ‘फोर्स’ ही जेडायांची अदृश्य शक्ती चालतच नाही. ल्यूकचे यान येथे कोसळते, त्याचा पाठलाग करणाऱ्या मारा जेडचेही कोसळते, आणि मग दोघांना हिंस्र श्वापदांच्या भीतीत एकत्र पायपीट करावी लागते. मारा पूर्वी सम्राटाची गुप्त हस्तक होती. आपले आयुष्य ल्यूकमुळे उद्ध्वस्त झाले असे ती मानते आणि त्याच्यावर शस्त्र रोखूनच चालते. ज्याचा विजय आपण पडद्यावर साजरा केला, त्याच्याकडे येथे त्या विजयात सर्वस्व गमावलेली स्त्री पाहत असते. शक्तीही हाताशी नसल्यामुळे ल्यूककडे उरतो तो केवळ संयम आणि समोरच्या माणसाचे म्हणणे ऐकून घेण्याची तयारी. नवे पात्र आणून जुन्याचा अपरिचित पैलू दाखवण्याचे इतके नेमके उदाहरण या प्रकारच्या साहित्यात विरळाच आढळते.

लेयाच्या बाबतीत झान चित्रपटातील एका सत्याला पुन्हा हात घालतात. तिच्यावर हल्ला करणारा नोग्री जमातीचा एक परग्रहवासी तिच्या हाताच्या वासावरून तिला चित्रपटांतील खलनायक व्हेडरची कन्या म्हणून ओळखतो आणि थबकतो. जो वारसा तिला नकोसा वाटतो, तोच येथे तिचे रक्षण करतो. चित्रपटांतील प्रसंगांची आठवण मात्र झान गरजेपेक्षा अधिक वेळा करून देतात, आणि त्या ठिकाणी कथेचा वेग मंदावतो.

एप्रिल २०१४ मध्ये हक्कदार कंपनी लुकासफिल्मने या सर्व कादंबऱ्यांना ‘लेजंड्स’ हे नाव देऊन अधिकृत कथानकाबाहेर ठेवले. २०१५ च्या चित्रपटात हान आणि लेया यांना जुळी मुले नाहीत, एकच मुलगा आहे. याउलट, शत्रूच्या कलाकृतींचा अभ्यास करून त्याची चाल ओळखणारा ग्रँड अ‍ॅडमिरल थ्रॉन, जो झान यांनी या कादंबरीसाठीच निर्माण केला होता, तो २०१६ मध्ये ‘रिबेल्स’ या अ‍ॅनिमेशन मालिकेत आणि २०२३ मध्ये ‘अहसोका’ मालिकेत पडद्यावर आला. त्याच्यासाठी जुने काहीही पुसावे लागले नव्हते.